वाळूच्या पोत्याऐवजी

कर्जतला मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, मूळ गाव विचारलं नाही, लग्नाचं काय म्हणून विचारलं नाही. पायांपासून डोक्यापर्यंत एकदा सावकाश बघितलं आणि म्हणाले, "वजन किती?"

मी तेव्हा स्टेशनच्या मालधक्क्यावर नवा कारकून होतो. भाताची पोती, गवताचे भारे, कोळसा, सगळ्यांची वजनं दिवसभर माझ्या तोंडात असायची. पण स्वतःचं वजन मला ठाऊक नव्हतं. वजन पैलवानाला लागतं, नाहीतर आजाऱ्याला, अशी माझी समजूत. मी आपला अंदाजानं एक आकडा ठोकून दिला. ते म्हणाले, "अंदाज नको. उद्या तुझ्या काट्यावर उभा राहा आणि येऊन सांग. खोली तोवर कुणाला देत नाही."

दुसऱ्या दिवशी हमालांच्या देखत मी काट्यावर उभा राहिलो. हमालांनी माझ्यावर कुठलं लेबल चिकटवायचं यावर बरीच चर्चा केली. वजन घेऊन संध्याकाळी गेलो आणि खोली मिळाली, जेवणही त्यांच्याकडेच ठरलं. मी त्यांच्यापेक्षा हलका निघालो याचा त्यांना एवढा आनंद का झाला, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

सगळं कर्जत त्यांना काका म्हणे. त्यांच्याहून म्हातारी माणसंही म्हणत. म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला मालबाबू म्हणत. बाजाराच्या दिवशी ते हमखास मालधक्क्यावर यायचे, कोट काढून माझ्या हातात द्यायचे, काट्यावर चढून श्वास रोखून उभे राहायचे आणि आकडा बघून म्हणायचे, "अजून तेवढंच आहे." मग कोट घालून चालू पडायचे. मला वाटे, यांना काहीतरी पोटाचं दुखणं असणार. मी काकूंना एकदा हळूच एक चूर्ण सुचवलं. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते चूर्ण मलाच घ्यावंसं वाटलं.

दुसरं त्यांचं वेड तारेचं. कपडे वाळत घालायला काकूंना साधी दोरी पुरली असती, पण अंगणात काकांनी तार बांधली होती आणि ती इतकी ताणलेली की तिच्यावर ओलं लुगडं टाकलं तर ती ते परत अंगावर फेकेल की काय अशी भीती वाटे. येता-जाता काका ती बोटानं छेडत, कान तिरका करून ऐकत, आणि आवाज उतरला असला तर पक्कड आणून तिला पीळ देत. "तार ढिली, की माणूस गेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा दहिवलीला भजनाला गेले, तर अभंग ऐन रंगात असताना उठून त्यांनी एकतारीवाल्याच्या हातातली एकतारी काढून घेतली आणि तिची खुंटी पिळायला बसले. तो गरीब माणूस हात जोडून म्हणाला, "काका, हिच्यानं मानूस मरत नाय हो. लई तर अभंग पडंल."

या सगळ्याचं मूळ मला सांगितलं सखाराम टांगेवाल्यानं. हा सखाराम स्टेशनाबाहेर टांगा लावून बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की गावाचा न्यायनिवाडा करायचा. तो म्हणाला, "तुजा मालक लढाईत उडत्या इमानात बसला व्हता म्हनं. बसूं दे. पन कसा बसला ते इच्यार त्याला."

मी विचारलं. घरात नाही, मालधक्क्यावर विचारलं. का ते पुढं येईलच. काका पहिल्या महायुद्धात इराकात होते. बंदूक घेऊन नव्हे. बसऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठी एक तळ होता, तिथे ते रसदीचे कारकून होते. पोती, डबे, सुतळ्या, ताडपत्र्या, सगळं त्यांच्या ताब्यात. शेजारच्या माळावर विमानं उतरत. त्यातलं एक दोन खुर्च्यांचं आणि दुमजली पंखांचं, ते पंख ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले. एक दिवस एका साहेबाला ते विमान पुढच्या तळावर न्यायचं होतं आणि त्याचा जोडीदार तापानं पडलेला. एक खुर्ची मोकळी राहिली तर विमानाचा तोल जातो, म्हणून त्या खुर्चीत वाळूचं पोतं बांधायची रीत. वाळूला तिथे काय तोटा? नजर जाईल तिथवर वाळूच होती. पण रिकामं पोतं काकांकडे. आणि काका म्हणाले, वरच्या साहेबाची सही आणा, पोतं न्या. वरचा साहेब जेवायला गेलेला. उडणाऱ्या साहेबानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा काकांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "वजन किती?"

अशा रीतीनं पोत्याऐवजी पोत्यांचा कारकून आभाळात गेला. माझ्यासारखा हलका कारकून असता तर साहेबानं त्याला नेलाच नसता, हा त्यांचा आनंद होता, हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यावर गावाची हरकत नव्हती. लढाईत काय काय होतं, कोण बघायला गेलंय? पण काका सांगताना सांगून बसले की मी पुढं बसलो होतो आणि चालवणारा साहेब मागं. तिथे गावानं त्यांना धरलं. सखारामचा मुद्दा बिनतोड होता. तो म्हणाला, "हाकनारा पुढं, भारा मागं. बैलगाडी घे, टांगा घे, आगगाडी घे. पोतं पुढं बांदून त्याच्या मागनं वाकून बघत हाकनारा मानूस तुज्या बापानं तरी बगितला का रं?" काका म्हणाले, होडीत सुकाणू मागं असतं. सखाराम म्हणाला, होडीला घोडं नसतं. त्या दिवसापासून काका कर्जतात खोटे ठरले.

खरं सांगायचं तर मलाही सखारामचं पटलं होतं. काका विमानात बसले असतील, पण घाबरून पुढचं-मागचं विसरले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या गोष्टीतली चूक दुरुस्त करायची मला पहिल्यापासून हौस. तिचे प्रताप पुढं दिसतील.

हाल झाले ते काकूंचे. नदीवर धुणं धुताना बायका विचारत, तुमच्या ह्यांना पंख कधीपासून फुटले? हळदीकुंकवाला गेल्या तर कुणीतरी आभाळाकडे बोट दाखवून म्हणे, काका आले वाटतं न्यायला. काकू जात्या अबोल आणि करारी. एक दिवस घरी येऊन त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याला सांगितलं, या घरात विमानाचं नाव निघालं तर मी माहेरी जाईन. माहेर खालापूरला होतं, फार लांब नव्हतं, त्यामुळे धमकी खरी होती.

काकांनी नाव काढणं बंद केलं. पण बोलायची बंदी होती, करायची नव्हती. त्यांनी पडवीत बसून विमान करायला घेतलं.

माप त्यांच्याजवळ होतं. बसऱ्याला भर दुपारी सगळा तळ तंबूत आडवा झाला की हे उन्हात जाऊन ते विमान आपल्या हातानं मोजत आणि रसदीच्या सुतळीला गाठी मारून ठेवत. ती सुतळी त्यांनी ट्रंकेत घालून आणली होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि एका हाताची चोवीस बोटं, हा हिशेब आपल्याकडे सुताराला, गवंड्याला, सगळ्यांना पाठ. काकांनी ठरवलं, जिथे खऱ्यात हात, तिथे आपल्यात बोट. म्हणजे विमान चोवीस पटींनी लहान झालं, आणि एकाही ठिकाणी चुकायची सोय राहिली नाही.

ती सोय मी करून दिली. त्यांनी मला पंखांच्या फासळ्या कापायला बसवलं. ठाकूरवाडीकडच्या एका माणसानं चांगला वाळलेला कळकाचा बांबू आणून दिला होता, त्याच्या चिरफळ्या काढून एकेक फासळी अमुक बोटं लांब कापायची. मी तीन संध्याकाळी खपून एका बाजूच्या सगळ्या फासळ्या कापल्या आणि अभिमानानं पुढे ठेवल्या. काकांनी त्या मांडल्या. एका बाजूचा पंख विमानाचा दिसत होता आणि दुसरीकडचा सुपासारखा. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट करून बघितली आणि दुःखानं म्हणाले, "मालबाबू, बोट कुणाचं लावलंस?"

मी म्हटलं, माझं. माझ्या हातात माझीच बोटं असतात.

"विमान मोजलं कुणी?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मग स्वतःच्या बोटांच्या खुणा करून मला एक कळकाची पट्टी दिली आणि सुपाच्या फासळ्यांचे तुकडे काकूंनी चुलीत घातले. काकू त्या वस्तूकडे बघत नसत, पण जळण म्हणून तिचा उपयोग होतो हे त्यांना मान्य होतं.

सामान घरातलंच. इंजिनाचा पंखा केला तो काकूंच्या शिसवी फणीचा. काकू दोन दिवस फणी शोधत होत्या आणि काका त्यांच्याबरोबर शोधत होते. चाकांना लढाईतल्या ओव्हरकोटाची बटणं. पंखांवर ताणून बसवायला तलम कापड हवं होतं. ते मिळालं, आणि त्या रविवारी माझं एकुलतं एक चांगलं धोतर नेसायला घेतलं तर ते गुडघ्याशीच संपलं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "सूत उत्तम आहे. तुझी निवड चांगली."

कापड ताठ राहावं म्हणून वर भाताची पेज फासायची होती. पेज आणायचं काम माझ्याकडे. मी माझ्या ताटातलीच उचलून नेली, आणि तिच्यात मीठ होतं, तूपही होतं. सकाळी बघतो तर डाव्या पंखावर मुंग्यांची पलटण चढलेली. काका रागावतील म्हणून मी गयावया करत म्हटलं, तुपाचे डाग राहू द्या, इंजिनाचं तेल गळाल्यासारखं दिसतंय. त्यांनी वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "तेल गळायचं. पण इथे नाही. दोन बोटं मागं." आणि तो पंख सोलून परत केला. मग त्यांनी काजळी आणि खोबरेल खलून तेलाचा डाग दोन बोटं मागं नेमका काढला.

हे असं चालायचं. खऱ्या विमानाच्या पंखांना गोळ्या लागून भोकं पडली होती आणि त्यांवर ठिगळं लावली होती. काकांना ती ठिगळं सगळी आठवत होती. कुठलं चौकोनी, कुठलं घाईत तिरकं लावलेलं. एक दिवस विमान उताणं करून ते पंखांच्या खालच्या बाजूला नखाएवढी ठिगळं चिकटवत बसले होते. मी म्हटलं, काका, खालची बाजू कोण बघणार?

"विमान माणसं खालनंच बघतात," काका म्हणाले.

मी त्यांना ठिगळं कापून देत राहिलो. पण एकदा, तारा ओवायच्या चालल्या होत्या आणि काकू नदीवर गेल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, हा सगळा खटाटोप कशासाठी? गावाला दाखवायला? काका तारेचं टोक दातात धरून होते. ते त्यांनी काढलं.

"गाव गेलं उडत. हिला पटलं पाहिजे. मी तिकडे होतो तेवढी वर्षं हिनं एकटीनं घर चालवलं. परत आलो तेव्हा हिला सांगण्यासारखी माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळी पोती. आणि नेमकी तीच हिला खोटी वाटते."

एवढं बोलून त्यांनी तार परत दातात धरली. मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो. त्या हिवाळ्यात खालापूरला कचेरीच्या आवारात शेतकी आणि हुन्नरांचं प्रदर्शन भरणार होतं. भोपळे, भाताच्या लोंब्या, घोंगड्या, टोपल्या. बक्षिसं द्यायला खोपोलीच्या वीजघरातला एक साहेब येणार, आणि तो म्हणे लढाईत विमानं चालवत होता. मी काकांना न विचारता त्यांचं नाव घालून आलो. वर काकूंना जाऊन सांगितलं की तुमच्यासारखी पोह्यांची मिरगुंडं खालापुरात कुणाला करता येतात? काकूंनी मिरगुंडं पाठवायचं कबूल केलं, आणि मिरगुंडांबरोबर स्वतः यायचंही.

काका आधी चिडले, आणि रात्री जेवताना काकू आत गेल्यावर हळूच मला म्हणाले, "साहेब सांगेल ना रे? पुढची खुर्ची, मागची खुर्ची, त्याला ठाऊकच असेल. हिच्यासमोर सांगेल ना?" मी म्हटलं, सांगेल म्हणजे काय.

निघालो ते सखारामच्याच टांग्यातनं. आगगाडीचा धक्का विमानाला सोसणार नाही, असं काकांचं म्हणणं. टांग्याचा कसा सोसणार होता हे सखारामनं विचारलं नाही, कारण भाडं त्याचं होतं. हाऱ्यात पेंढा घालून त्यात विमान, हारा काकांच्या मांडीवर. विमानातल्या दोन बाहुल्या तेवढ्या काढून माझ्या खिशात ठेवल्या होत्या. पांगाऱ्याच्या लाकडाच्या, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. एक साहेब, डोक्याला कातडी टोपी घातलेला. दुसरे काका, डोक्याला मफलर गुंडाळलेले.

खालापूरला पोचलो आणि काकांना शिपायानं नाव सांगायला कचेरीत बोलावलं. काकू मिरगुंडं घेऊन बायकांच्या मांडवाकडे गेल्या. काका जाताना मला म्हणाले, बाहुल्या बसव, सरस लाव, वाऱ्यानं पडतील.

मी टेबलावर विमान ठेवलं. आवार माणसांनी फुललेलं. कर्जतहून आलेलेही पुष्कळ, आणि सगळ्यांना काकांची फजिती बघायची होती. हातात काकांची बाहुली घेऊन मी पुढच्या खुर्चीपाशी आलो आणि शेजारनं सखाराम म्हणाला, "बाबू, हितं तरी नीट बसव रं. साहेबाम्होरं हसं व्हईल म्हाताऱ्याचं."

मला ते मनापासून पटलं. सगळं विमान बोटाबोटानं बरोबर, आणि ही एकच चूक. तीच जर साहेबाला दिसली तर बाकीच्यावर पाणी. काकांची गोष्ट वाचवायची तर हीच वेळ. मी साहेबाला पुढं बसवलं, काकांना मागं बसवलं आणि दोघांना भरपूर सरस लावला. मग शिपायानं टेबलाभोवती दोरी बांधली आणि मालकांनासुद्धा दोरीच्या बाहेर उभं केलं.

साहेब आला. उंच, तांबडा, मागे हात बांधून चालणारा. भोपळ्यांपाशी तो सभ्यपणे थांबला, घोंगड्यांपाशी सभ्यपणे थांबला. विमानापाशी आला आणि त्याचे मागे बांधलेले हात सुटले. तो वाकला. गुडघ्यावर बसला. खाली मान घालून त्यानं पंखांची खालची बाजू बघितली. मग एका बोटानं हलकेच एक तार छेडली आणि कान तिरका केला. माझ्या शेजारी काकांचा श्वास थांबल्याचं मला कळलं.

साहेबानं शेजारी उभ्या असलेल्या मामलेदारांना काही विचारलं. मामलेदारांनी काकांना बोलावलं आणि म्हणाले, साहेब विचारतात, हा मागं बसलेला मफलरवाला कोण? तुम्हीच का?

काका दोरीबाहेरनं, विमानात न बघताच, म्हणाले, "होय, मीच."

साहेबाचा चेहरा एकदम उजळला. त्यानं दोरीवरनं हात पुढे करून काकांचा हात धरला आणि जोरजोरानं हलवला. मामलेदारांनी त्याचं बोलणं ऐकलं, उपरणं सावरलं आणि आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आपल्या तालुक्यातले हे गृहस्थ लढाईत विमान चालवीत होते. साहेब यांचं अभिनंदन करतात."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी सखारामची. ज्या गावानं काका विमानात बसल्याचं कधी मानलं नव्हतं, त्या गावानं त्यांनी विमान हाकल्याचं एका क्षणात मानलं. कर्जतची माणसं खालापूरच्या माणसांना सांगू लागली, आमचे काका, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि बायकांच्या मांडवापाशी काकू उभ्या होत्या. शेजारच्या बाया त्यांना कोपरानं ढोसत होत्या आणि काकूंची मान, मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा, वर होती.

काकांनी तिकडे बघितलं. मग दोरीवर वाकून विमानात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मालबाबू, हे तू केलंस?"

मी त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, काका, आता काही बोलू नका. झालंय ते सोन्यासारखं झालंय. काकू बघताहेत.

"तेच तर," काका म्हणाले, आणि दोरीखालनं आत शिरले.

त्यांनी आपल्या बाहुलीला धरून उपटलं. सरस मीच लावला होता, तो चांगला लागला होता. बाहुली खुर्चीसकट वर आली. ती हातात उंच धरून काका आधी साहेबाला इंग्रजीत काय ते बोलले आणि मग वळून, सगळ्यांना दिसेल असं पण बायकांच्या मांडवाकडे तोंड करून, म्हणाले, "मी विमान चालवलेलं नाही. मी पुढं बसलो होतो. वाळूचं पोतं मिळालं नाही, म्हणून पोत्याऐवजी मला बसवलं. वजन म्हणून. एवढंच."

आवारात जे हसू फुटलं ते कचेरीच्या कौलांना लागलं. सखारामनं कपाळाला हात लावला. साहेबही हसत होता, पण त्याचं हसू वेगळं होतं. तो मांडीवर थाप मारून सांगत होता की अगदी बरोबर, या विमानात जोडीदार पुढंच बसतो, मी स्वतः पोती बांधून उडालोय, एकदा तर पोत्याऐवजी खानसाम्याला नेलंय. माझं इंग्रजी मालधक्क्याचं, पण एवढं मला कळलं. मी मामलेदारांकडे बघितलं. ते नुकतेच सगळ्या तालुक्यासमोर काकांना वैमानिक करून बसले होते. त्यांनी घसा खाकरला आणि भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, प्रदर्शन उत्तम झालं आहे."

मी ओरडून खरं काय ते सांगू लागलो. पण ज्यानं बाहुल्या उलट्या बसवल्या त्या माणसाचं कोण ऐकणार? बक्षीस एका भोपळ्याला गेलं. काकूंच्या मिरगुंडांनाही मिळालं, पण ते घ्यायला काकू जागेवर नव्हत्या. त्या टांग्यात जाऊन बसल्या होत्या.

परतताना काका पुढं सखारामशेजारी, मांडीवर हारा. मागं तोंड करून काकू आणि मी. ऊन कलतं झालं होतं आणि शेतांत भाताचे भारे रचलेले होते. मी मनातल्या मनात काकूंची ट्रंक बांधत होतो. माहेर तर मागंच राहिलं होतं. त्या उतरल्या नाहीत एवढीच काय ती आशा.

शेवटी सखारामला राहवलं नाही. "काका, कशापायी बोललात? आमी मानलं व्हतं की."

"जे झालं नाही ते मानलंस."

"पन मानलं व्हतं," सखाराम हळहळून म्हणाला.

पळसदरीची चढण लागली तसा घोडा चालीवर आला. काकूंनी मान वळवली नाही. रस्ता मागं जात होता, त्याच्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "मग वरनं काय दिसलं?"

टांग्यात सगळे चपापले. घोडासुद्धा, असं मला वाटलं. कुठे बसलात, कसे बसलात, यावर सगळं कर्जत इतकी वर्षं भांडलं होतं. पण वर गेल्यावर काय दिसलं हे काकांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी कान टवकारले. आता नदी येणार, दोऱ्याएवढी. आता तंबू येणार, साबुदाण्याएवढे.



"काही नाही," काका म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"डोळे मिटले होते."

"पूर्ण वेळ?"

"चाकं जमिनीला लागेपर्यंत. लागल्यावरही जरा वेळ."

सखारामच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, पण काकूंनी त्याला हसायला सवडच दिली नाही. त्या स्वतःच हसायला लागल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग टांग्याचा दांडा धरून. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळे पुसत त्या वळल्या आणि पुढे बसलेल्या नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या, "अहो, हे आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, आता नदी दोरीएवढी न् माणसं मुंग्यांएवढी सांगाल. तसं सांगितलं असतंत तर मी जन्मात मानलं नसतं. डोळे मिटलेत ना? मग गेलाच होतात तुम्ही. मी ओळखत नाही का तुम्हाला?"

काकांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांच्या मांडीवरच्या हाऱ्यातला पेंढा थोडा वाजला.

"फार उंच होतं का हो?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही."

"खाली लढाई दिसली असेल."

"कशी दिसणार?"

कर्जत येईपर्यंत काकू एकेक विचारत राहिल्या, ढग, पक्षी, नदी, वाळवंट, आणि काका एकेकाला तेच उत्तर देत राहिले. दर उत्तरागणिक काकूंची खात्री वाढत चालली होती.